मिरचीची आखणी : धर्माबादचा मोंढा आणि परदेशी बाजारपेठ

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीवर, गोदावरीच्या खोऱ्यात, धर्माबाद हे बाजाराचे गाव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. आज गावापासून थोड्याच अंतरावर तेलंगणाची हद्द लागते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील हे स्थानक असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या मालाला येथे वाट मिळाली आणि लाल मिरचीची पेठ म्हणून धर्माबादचे नाव झाले. मिरचीची पूड करणारे कारखानेही येथे उभे राहिले. हंगामात मोंढ्याच्या जवळून जाणाऱ्या वाटसरूला डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच नाकाने कळते, की मिरची आली आहे.

अशा मोंढ्यात मिरचीचे दोन ढीग शेजारी शेजारी पडले आहेत, अशी कल्पना करावी. एका शेतकऱ्याने मिरची उघड्या जमिनीवर वाळविली. दुसऱ्याने ताडपत्री अंथरली, रोज संध्याकाळी माल झाकला आणि पांढरट पडलेली फळे वेचून बाजूला काढली. दोन्ही ढीग लाल दिसतात. लिलावात दोहोंच्या भावांत फारसे अंतर पडत नाही. मग दुसरा शेतकरी विचारतो, “एवढी यातायात करून मला काय मिळाले?”

हा प्रश्न रास्त आहे. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने त्यास बगल देऊ नये. ज्या बाजारात दोन्ही ढीग सारखे दिसतात, तेथे मेहनतीचे मोल होत नाही. ते मोल ज्या गिऱ्हाइकाला कळते, त्याच्यापर्यंत तो ढीग वेगळा राहून पोहोचावा लागतो. तो कसा पोहोचावा, याचा विचार पेरणीच्या आधी करणे, यालाच मालाची आखणी म्हणतात.

आखणी म्हणजे काय?

आखणी म्हटली की पुष्कळांना वेष्टनावरचे रंगीत चित्र किंवा डब्याचा नवा आकार आठवतो. परंतु तो आखणीचा अगदी शेवटचा भाग होय. खरी आखणी म्हणजे वस्तू कोण वापरणार, कशी वापरणार, कोठे ठेवणार आणि तिच्यात कोणता दोष त्याला चालणार नाही, हे प्रथम ठरवून मग ती वस्तू घडविणे.

याचे उत्तम उदाहरण प्रत्येक घरी आहे. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून एक अहवाल तयार केला. भारतातील उत्तम आखणीचा नमुना म्हणून त्यांनी यंत्रांकडे किंवा राजवाड्यांकडे बोट न दाखविता साध्या लोट्याचे, म्हणजे आपल्या तांब्याचे, विवेचन केले. तांब्यात पाणी किती मावावे, तो हाताच्या पकडीत कसा बसावा, भरलेला असता त्याचा तोल कसा राहावा, ओतताना धार कशी पडावी, आतून घासता यावा म्हणून तोंड किती रुंद असावे आणि एवढे करून किंमत किती पडावी, अशा अनेक गरजांना तो एकाच वेळी उतरतो. कोणा एका कारागिराने एका दिवसात तो घडविला नाही. वापरणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी त्याला आकार दिला. या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली आणि १९६९ साली मुंबईत पवई येथील आय. आय. टी. मध्ये औद्योगिक आखणीचे केंद्र सुरू झाले.

शेतमालाची गोष्ट याहून निराळी नाही. पिकलेली मिरची हा कच्चा माल आहे. ती कोणत्या वाणाची लावावी, केव्हा तोडावी, कशी वाळवावी, कशात भरावी आणि कोणाच्या मालात मिसळू द्यावी वा देऊ नये, या प्रत्येक पायरीवर कोणीतरी निर्णय घेतच असतो. तो निर्णय सवयीने घेतला की माल ‘जसा आला तसा’ होतो. गिऱ्हाइकाकडून उलट शेताकडे विचार करीत घेतला की तो माल आखलेला होतो.

द्राक्षांनी दिलेला धडा

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ही विद्या अपरिचित नाही. द्राक्षबागायतदारांनी ती किंमत मोजून मिळविली आहे. १९९१ साली राज्य कृषी पणन मंडळाच्या साहाय्याने बागायतदारांच्या सहकारी संस्थांची ‘महाग्रेप्स’ ही संस्था उभी राहिली. द्राक्षे गोड होती, तरी युरोपपर्यंतच्या लांब प्रवासात माल खराब होऊन आरंभी नुकसान सोसावे लागले. दोष बागेत नव्हता. तोडणी आणि गिऱ्हाइकाचे ताट यांमधल्या वाटेची आखणी झालेली नव्हती.

ती पुढे झाली. तोडलेली द्राक्षे काही तासांतच पूर्वशीतगृहात नेऊन थंड करावयाची, पुढे शून्य अंश सेंटिग्रेडच्या आसपास ठेवावयाची आणि पेटीत बुरशी रोखणारा गंधकवायू हळूहळू सोडणारा कागद घालावयाचा, अशी व्यवस्था बसविण्यात आली. युरोपच्या दुकानदाराला मोठे, सारख्या आकाराचे मणी हवे असतात. यास्तव मण्याचा व्यास १६ ते १८ मिलिमीटर भरावा, या बेताने बागेतच घडांची विरळणी होऊ लागली. म्हणजे परदेशातील दुकानाच्या फळीवर काय शोभते, यावरून नाशिक-सांगलीच्या बागेत कात्री कोठे चालवावी हे ठरू लागले. आखणीचा अर्थ याहून स्पष्ट करून सांगणे कठीण आहे.

तरीही धडा पुरा झाला नव्हता. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला. अनेक कंटेनर नाकारले गेले आणि बागायतदारांची मोठी हानी झाली. हे द्रव्य येथे सर्रास वापरात होते. शेतकऱ्यांनी ते चोरून वापरले नव्हते. परंतु येथे जे चालते ते तेथेही चालेलच, हा समज चुकीचा ठरला. २००६ पासून अपेडा या निर्यात विकास संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ पद्धतीत निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद व मालाची तपासणी होत होती. या घटनेनंतर त्या तपासणीत ह्या द्रव्याचीही भर पडली. कोणता घड कोणत्या बागेचा, हे सांगता येत होते म्हणूनच व्यापार पुन्हा सावरला. ज्या मालाचा माग लागत नाही, त्यातील एकाचा दोष सर्वांच्या माथी बसतो.

मिरचीचे गिऱ्हाईक कोण?

भारतातून परदेशी जाणाऱ्या मसाल्यांत मिरचीचा वाटा मोठा आहे. तथापि ‘परदेशी गिऱ्हाईक’ असे एकच कोणी नसते. निदान तीन प्रकारची गिऱ्हाइके ध्यानात घ्यावीत.

पहिल्यास रंग हवा असतो. त्याला तिखटपणा थोडा असला तरी चालतो. कर्नाटकातील ब्याडगी मिरची याच गुणासाठी प्रसिद्ध आहे आणि २०११ साली तिला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. लाल रंगाचे मोजमाप प्रयोगशाळेत ‘अॅस्टा’ या एककात करतात. हे नाव अमेरिकेतील मसाला व्यापाऱ्यांच्या संघटनेवरून पडले आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकास तिखटपणा हवा असतो. तेजासारखे वाण त्यासाठी घेतले जातात. तिखटपणा मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली बसविली व तो आजही त्यांच्याच नावाच्या एककात सांगतात. तिसरे गिऱ्हाईक मिरचीतून रंग आणि तिखटपणा यांचा अर्क काढणारा कारखानदार होय. केरळात १९७२ साली सुरू झालेल्या सिंथाइट या कारखान्याने मसाल्यांच्या अर्काचा धंदा जगभर नेला. या गिऱ्हाइकाला फळाच्या डौलाशी कर्तव्य नसते. किलोमागे अर्क किती निघतो आणि त्यात नको ते काय उतरते, एवढेच ते पाहते.

यावरून एक गोष्ट उघड होते. ‘चांगली मिरची’ अशी वस्तू नाही. अमुक गिऱ्हाइकासाठी चांगली मिरची, अशी वस्तू आहे. रंगाची आणि तिखट अशा दोन जाती एकाच खळ्यावर मिसळल्या, तर त्यांतून जो माल तयार होतो तो पहिल्या गिऱ्हाइकाच्या कामाचा राहत नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. वाण वेगळे ठेवणे हे आखणीचे सर्वांत स्वस्त काम आहे. त्यास थोडी जागा, वेगळी पोती आणि शिस्त एवढेच लागते.

न दिसणारा दोष

तिन्ही प्रकारची गिऱ्हाइके एका बाबतीत मात्र एकमताची आहेत. त्यांना बुरशीचे विष नको असते. अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी ओलसर, उबदार मालावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. हे विष यकृतास अपायकारक आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. मिरची दळल्याने किंवा नेहमीच्या स्वयंपाकाच्या आचेने ते जात नाही. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे वाळलेल्या मिरचीत बी-१ प्रकारचे अफ्लाटॉक्सिन किलोमागे ५ मायक्रोग्रॅमहून आणि सर्व प्रकार मिळून १० मायक्रोग्रॅमहून अधिक असता कामा नये. एक टन मिरचीत सर्व मिळून १० मिलिग्रॅम, असा याचा हिशेब आहे. चिमटीतही येणार नाही एवढ्या विषाने टनभर माल बाद ठरतो.

शिवाय हे विष सर्व मालात सारखे पसरलेले नसते. काही थोड्या किडक्या, फुटक्या किंवा पांढरट पडलेल्या फळांतच ते साठलेले असू शकते. म्हणूनच वेचणीचे काम नुसत्या शोभेचे नाही. पांढरट फळे बाजूला काढणाऱ्या बाईच्या हाताखालून मालाचे भवितव्य जात असते. तिला घाई करावयास लावणे किंवा वेचणीच्या मजुरीत काटकसर करणे ही चुकीची बचत होय.

वाळवणीचा हिशेब

ताज्या लाल मिरचीत साधारणपणे शेकडा ७५ भाग पाणी असते. सुकलेल्या मिरचीत ते शेकडा १० ते ११ पर्यंत उतरले पाहिजे. १०० किलो ताज्या मिरचीत २५ किलो कोरडा अंश धरला, तर शेकडा १० ओलाव्यावर सुमारे २८ किलो वाळलेली मिरची हाती येते. उरलेले ७२ किलो पाणी हवेत जावे लागते. ते किती लवकर व किती स्वच्छपणे जाते, यावर सर्व काही अवलंबून आहे.

उघड्या मातीवर पसरलेल्या मिरचीला खालून ओल लागते, रात्रीचे दव पडते, धूळ व खडे चिकटतात. कोंबड्या, कुत्री व गुरे फिरल्याने विष्ठेतील रोगजंतूही लागतात. परदेशी प्रयोगशाळा बुरशीच्या विषाबरोबर असे जंतूही शोधते. याकरिता पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. पूर्ण लाल झालेली फळेच तोडावीत. हिरवट व लाल फळे एकत्र तोडल्यास वाळवण सारखी होत नाही. पाऊस किंवा दाट दव असताना तोडणी करू नये.

२. वाळवण ताडपत्रीवर, सिमेंटच्या खळ्यावर किंवा जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीच्या मांडवावर करावी. थर पातळ ठेवावा आणि दिवसातून अनेक वेळा हलवावा.

३. सूर्यास्तापूर्वी माल गोळा करून झाकावा आणि ऊन चढल्यावर पुन्हा पसरावा. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु दवामुळे एका रात्रीत वाढणारी ओल पुढच्या दिवसाचे ऊन खाऊन टाकते.

४. मिरची हलविल्यावर आतील बी खुळखुळते की नाही, हे पाहण्याची जुनी रीत चांगली आहे. मात्र निर्यातीच्या मालासाठी तीवरच विसंबू नये. गटामिळून ओलावामापक यंत्र घ्यावे आणि प्रत्येक लॉटचा आकडा वहीत लिहावा.

५. माल कोरड्या, स्वच्छ पोत्यांत भरावा. खताची किंवा औषधाची जुनी पोती कदापि वापरू नयेत. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर सोडून लावावी.

उन्हाची वेळ कमी करावयाची असल्यास सौरवाळवणी यंत्राचा विचार करता येतो. झाकलेल्या जागेत माल वाळत असल्याने धूळ, दव व पाखरे यांपासून तो सुरक्षित राहतो. महाराष्ट्रात या बाबतीत ‘एस फॉर एस’ या संस्थेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिच्या चालकांनी प्रयोगशाळेत यंत्र बनवून गावाला दिले एवढेच केले नाही. यंत्र खेड्यातील शेतकरी स्त्रियांना घराजवळ चालविता यावे, विजेवर अवलंबून राहावे लागू नये आणि वाळलेला माल घेणारे गिऱ्हाईक आधीच ठरलेले असावे, अशी सर्व साखळी त्यांनी एकत्र आखली. २०२३ साली या संस्थेस ‘अर्थशॉट’ हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. यंत्र गावात येऊन अडगळीत पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तेथे गिऱ्हाईक शोधण्याचे काम यंत्र घेतल्यानंतर सुरू झाले, हे त्याचे एक मोठे कारण असते.

पाणी मारण्याची खोड

अनेक ठिकाणी पोती भरण्यापूर्वी मिरचीवर पाणी शिंपडतात. मिरची चुरा होऊ नये असे कारण सांगितले जाते, आणि वजन वाढते हे कारण सांगितले जात नाही. याचा हिशेब मांडून पाहावा. शेकडा १० ओलाव्याच्या १०० किलो मिरचीवर ५ किलो पाणी मारले, तर वजन १०५ किलो होते आणि ओलावा शेकडा १४ च्या वर जातो. ५ किलो पाण्याला मिरचीचा भाव मिळाला, असे विकणाऱ्यास वाटते. परंतु अनेक दिवसांच्या वाळवणीने रोखलेल्या बुरशीला त्याच पाण्याने पुन्हा आमंत्रण मिळते. तो माल बंद पोत्यात, बंद गोदामात आणि पुढे बंद कंटेनरात अनेक आठवडे राहतो. बुरशीला याहून सोयीची जागा कोणती?

खरेदीदाराला हे ठाऊक असल्यामुळे तो भाव करतानाच पाण्याची तूट धरून चालतो. मग ज्याने पाणी मारले नाही, त्यालाही पाणी मारलेल्याच मालाचा भाव मिळतो. खोड एकाची असते आणि दंड सर्व पेठेस भरावा लागतो.

रंगाचे प्रकरण

पेठेच्या नावाचे मोल काय असते, हे सुदान रंगाच्या प्रकरणाने दाखवून दिले. सुदान हा उद्योगात वापरण्याचा कृत्रिम लाल रंग आहे. तो खाण्याच्या पदार्थांत घालण्यास बंदी आहे. २००३ साली भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात तो फ्रान्समध्ये आढळला आणि युरोपीय संघाने तातडीचे निर्बंध घातले. यानंतर १९८७ साली स्थापन झालेल्या भारताच्या मसाला मंडळाने निर्यातीच्या मिरचीची सक्तीची तपासणी सुरू केली. तरीही त्यापूर्वीच गेलेली पूड इंग्लंडमध्ये एका चटणीत वापरली गेली होती. ती चटणी इतर अनेक तयार पदार्थांत पडली आणि २००५ च्या फेब्रुवारीत तेथील दुकानांतून चारशेहून अधिक प्रकारचे पदार्थ परत काढून घ्यावे लागले.

रंग शेतकऱ्याने घातलेला नसतो. फिकट, जुना किंवा निकृष्ट माल ताजा भासविण्यासाठी तो पुढे कोठेतरी मिसळला जातो. परंतु फिकट मालाची निपज कोठे होते? वाळवणीत उशीर झाला, ऊन प्रमाणाबाहेर लागले किंवा साठवणीत ओल शिरली की नैसर्गिक रंग उतरतो आणि लबाडीला वाव मिळतो. ज्या मिरचीचा स्वतःचा रंग टिकलेला आहे, तिला उसना रंग लागत नाही. शीतगृहात ठेवलेल्या मिरचीचा रंग अधिक काळ टिकतो, हेही येथे लक्षात ठेवावे.

औषधांचा अंश

मिरची वाळताना पाणी जाते, परंतु फवारलेल्या औषधाचा अंश त्या प्रमाणात जात नाही. १०० किलोंचे २८ किलो झाले म्हणजे उरलेला अंश किलोमागे तीन-साडेतीन पटींपर्यंत एकवटू शकतो. २०२१ पासून शेजारच्या तेलंगणा व आंध्र प्रदेशात काळ्या फुलकिड्यांनी मिरचीचे मोठे नुकसान केले. तेव्हापासून धास्तीने फवारण्या वाढविण्याचा मोह सीमेच्या अलीकडेही होऊ शकतो. शेतकऱ्याची धास्ती खोटी नाही. तथापि शिफारशीत नसलेली औषधे एकत्र मिसळून वारंवार मारल्याने कीड आटोक्यात येतेच असे नाही, आणि माल मात्र परदेशी जाण्यास अपात्र ठरतो. निळे चिकट सापळे लावणे, रोपवाटिकेपासून निगराणी ठेवणे, शिफारस केलेलेच औषध वापरणे, शेवटची फवारणी व तोडणी यांत औषधाच्या वेष्टनावर दिलेले अंतर ठेवणे आणि प्रत्येक फवारणीची तारीख लिहून ठेवणे, एवढे तरी अवश्य करावे. द्राक्षांच्या बाबतीत जो अनुभव आला, तो मिरचीने पुन्हा घेण्याचे कारण नाही.

एकट्याचे काम नव्हे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावे. दुसऱ्या शेतकऱ्याने एवढे सर्व केले आणि आपला माल नेहमीच्या ढिगात ओतला, तर त्याला अधिक काही मिळणार नाही. परदेशी गिऱ्हाईक दोन-चार पोती विकत घेत नाही. एका जहाजी कंटेनरात कित्येक टन मिरची मावते. तो एका वाणाच्या, एका पद्धतीने वाळविलेल्या आणि तपासलेल्या मालाने भरावा लागतो. ते काम एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

म्हणून आखणीची अखेरची पायरी शेतात नसून माणसांत आहे. गावातील दहा-वीस शेतकऱ्यांनी एकच वाण ठरवावा, वाळवणीचे नियम एकत्र मान्य करावेत, प्रत्येकाच्या पोत्यावर त्याचा क्रमांक घालावा आणि भरण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. ज्याचा नमुना नापास होईल त्याचा लॉट बाहेर ठेवण्याचा अधिकार गटाला असावा, मग तो गटाच्या अध्यक्षाचा का असेना. हा नियम कागदावर सोपा व गावात अवघड असतो. त्याचा निकाल माल भरताना लावू नये. लागवडीच्या वेळीच लावावा. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या सुधारणेमुळे शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. पुरेसा माल व विश्वास जमल्यावर गटाने तो मार्ग धरावा. त्या आधी कंपनीचा फलक लावण्याची घाई करू नये.

प्रतवारीचा विचारही नवा नाही. शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा १९३७ पासून देशात आहे आणि त्याखालील ‘अॅगमार्क’ हे चिन्ह घरोघरी परिचित आहे. प्रतवारीत आलेला माल ढिगातून वेगळा निघतो, हेच तिचे मुख्य सामर्थ्य होय.

कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास परदेशी भावाचे आमिष दाखवू नये. तो भाव वर्षागणिक बदलतो आणि देशातील बाजारही लहान नाही. स्वच्छ वाळवणीचा पहिला लाभ अधिक भाव हा नसून कमी नासाडी हा आहे. तो पहिल्याच हंगामात, परदेशी गिऱ्हाईक मिळो अथवा न मिळो, पदरात पडतो. दुसरा लाभ म्हणजे माल थोडे दिवस ठेवण्याची ताकद. जो माल नीट वाळला आहे, तो पडत्या भावात त्याच दिवशी विकण्याची पाळी येत नाही. अधिक भाव हा तिसरा लाभ आहे आणि तो गट जमल्यावर, गिऱ्हाइकाशी आधी बोलणी झाल्यावरच अपेक्षावा.

आरंभ लहान करावा. एका गावात पाच शेतकरी निवडावेत. त्यांच्या मिरचीचा अर्धा भाग नेहमीच्या रीतीने आणि अर्धा ताडपत्रीवर किंवा मांडवावर वाळवावा. दोन्ही भागांचे वजन, ओलावा, बाजूला काढलेल्या फळांचे प्रमाण आणि लागलेली मजुरी वहीत लिहावी. हंगामाअखेर दोन्ही नमुने तपासून घ्यावेत आणि निकाल चावडीवर सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. खर्च अधिक आला असेल तर तोही लपवू नये. गावकऱ्यांचा विश्वास आकड्यांवर बसतो, आणि तो एकदा बसला की पुढच्या वर्षी पाचांचे पंचवीस होण्यास भाषणाची गरज राहत नाही.

दोन ढिगांतील फरक आज मोंढ्यात दिसत नसेल, परंतु तो नाहीसा झालेला नाही. प्रयोगशाळेच्या काचेखाली तो दिसतो, गोदामात चार महिन्यांनी दिसतो आणि परदेशी बंदरात तर पहिल्या तपासणीतच दिसतो. तो फरक तेथे आपल्या बाजूने दिसावा, अशी इच्छा असेल तर पुढच्या हंगामाचे रोप टाकण्यापूर्वी गटाची एक बैठक घ्यावी आणि तीत पहिला प्रश्न हा विचारावा : आपली मिरची कोण खाणार आहे?